जठराचा कर्करोग : टाके निघाल्यानंतरचा उपचार



एका सर्जनला आपण या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाचा मान दिलात. सर्जनचे हात जिथे अपुरे पडतात, तिथूनच मी सुरुवात करतो.

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी जठराचा रोगग्रस्त भाग काढून उरलेलं जठर लहान आतड्याच्या सुरुवातीला जोडलं. ती रुग्ण स्त्री ऑपरेशनमधून वाचली. मात्र सुमारे चार महिन्यांत आजार उलटला आणि ती दगावली. शस्त्रक्रियेत कसूर नव्हती. रोगच गाठीपुरता राहिला नव्हता.

आजही नातेवाईक म्हणतात, ‘डॉक्टर, आधी गाठ काढून टाका.’ त्यांची घाई समजते. पण रोग जठराच्या भिंतीत खोल गेला असेल किंवा लसिकाग्रंथींत पोहोचला असेल, तर स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी आधीच इतरत्र गेलेल्या असू शकतात. म्हणून तिथे आधी केमोथेरपी, म्हणजे केमो, देतात. जठर शाबूत असताना रुग्णाला ती सोसतेही अधिक. गाठ लहान झाली, तर ती पूर्ण निघण्याची शक्यता वाढते. अगदी सुरुवातीचा रोग, न थांबणारा रक्तस्राव किंवा अन्नाची वाट बंद होणं, अशा वेळी निर्णय वेगळा होतो.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘मॅजिक’ चाचणीत ५०३ रुग्ण होते. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २३ टक्के पाच वर्षांनी हयात होते. शस्त्रक्रियेआधी तीन आणि नंतर तीन केमो ठरवलेल्या गटात हे प्रमाण ३६ टक्के झालं. पुढे जर्मनीतल्या ७१६ रुग्णांच्या चाचणीने ‘फ्लॉट’ पुढे आणलं : फ्ल्युरोयुरासिल, ल्युकोव्होरिन, ऑक्सॅलिप्लॅटिन आणि डोसेटॅक्सेल, दर पंधरवड्याला, आधी चार वेळा व नंतर चार वेळा. २०१९ साली आलेल्या निष्कर्षांत रुग्णांचं मध्यक आयुर्मान जुन्या औषधांवर ३५ महिने होतं, ‘फ्लॉट’वर ५० महिने.

या यशामागची दुसरी आकडेवारी मला अस्वस्थ करते. ‘मॅजिक’मध्ये केमोच्या गटातल्या २५० जणांपैकी २१५ जणांनी शस्त्रक्रियेआधीच्या तिन्ही केमो पूर्ण केल्या. सहाच्या सहा पूर्ण करणारे होते फक्त १०४. ‘फ्लॉट’च्या गटातही आठही केमो निम्म्याहून कमी रुग्णांच्या झाल्या. काहींचा रोग वाढतो, काहींचं शरीर साथ देत नाही. तिथे थांबणं हाच योग्य वैद्यकीय निर्णय असतो. पण वजन घटत गेलं आणि कुणी पाहिलं नाही, ‘गाठ गेली, आता केमो कशाला?’ या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून उपचार सुटणं हे आपलं अपयश आहे.

जठर काढलेल्या माणसाचं पोट दोन घासांत भरतं. त्यात केमोमुळे जुलाब, तोंड येणं, पांढऱ्या पेशी उतरणं. ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे थंड पाण्याला हात लावला तरी बोटांना मुंग्या येतात. म्हणून आहारतज्ज्ञ पहिल्या केमोआधीच भेटायला हवा. थोडंथोडं सहा वेळा खाणं, गरज असेल तिथे आतड्यात आहाराची नळी, संपूर्ण जठर काढलं असेल तर ब-१२ची इंजेक्शनं, ही उपचाराचीच कलमं आहेत. ताप आला की सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने गरीब घरांना मोठा आधार दिला आहे. पण दर पंधरवड्याचा प्रवास आणि रुग्ण आणि सोबत येणारा अशा दोघांची बुडणारी मजुरी घरालाच सोसावी लागते. म्हणून शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रात आणि केमो शक्य तितकी घराजवळच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, अशी सोय आपल्याला उभी करावी लागेल.

माझी विनंती नेमकी आहे. पहिल्या भेटीतच रुग्णासमोर संपूर्ण उपचाराचा आराखडा ठेवा. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या केमोच्या भेटीची तारीख आणि एका जबाबदार परिचारिकेचा फोन नंबर लिहा. भेट चुकली, तर त्याच दिवशी आपण फोन करा. आणि आपल्या विभागात किती जणांचा उपचार पूर्ण झाला, उरलेल्यांचा कशामुळे राहिला, याची नोंद आजपासून ठेवा. पुढच्या अधिवेशनात गाजलेल्या शस्त्रक्रियांच्या चित्रफितींआधी या नोंदी वाचल्या जाव्यात, असा ठराव मी अध्यक्ष म्हणून मांडतो.