छत्री, रिचार्ज आणि घरचा हिशेब

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या सभागृहात सभासद व कुटुंबीयांसमोर केलेले भाषण)



संस्थेचा इतिहास, देखभाल वर्गणी आणि पाण्याची टाकी हे तिन्ही विषय माझ्या आधीच्या वक्त्यांनी संपवले आहेत. सचिवांनी मला विषय दिला 'घरखर्चात बचत'. हा विषय एवढा मोठा आहे की त्यावर बोलू लागलो तर जेवणाची वेळ टळेल. म्हणून मी एकच खर्च घेतो, टीव्हीचा. गेल्या वर्षी आम्ही घरचे पैसे भरून घेतलेले डिश कनेक्शन बंद केले आणि दूरदर्शनची फ्री डिश बसवली. तेव्हापासून जिन्यात, दुधाच्या रांगेत, बाकावर, सगळीकडे एकच प्रश्न विचारला जातो, "काय हो साहेब, खरंच फुकट आहे का?" त्याचे उत्तर आज एकदाच देऊन टाकतो.

थोडे मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या काळी रेडिओ आणि टीव्हीला परवाना लागायचा, त्याचे पैसे पोस्टात भरायचे आणि पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकात ते बंद झाले. पुढे केबल आली. आपली संस्था उभी राहत होती त्याच सुमारास, जुलै २००० मध्ये 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले आणि रात्री नऊला जिने ओस पडू लागले. मग गच्चीवर खाजगी कंपन्यांच्या छत्र्या आल्या. आज गच्चीवर गेलात तर कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांपेक्षा छत्र्याच जास्त दिसतील.

या सगळ्यात एक गोष्ट फारशा लोकांच्या लक्षात आली नाही. १६ डिसेंबर २००४ रोजी सरकारने 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाची सेवा सुरू केली. तेव्हा तिच्यावर ३३ वाहिन्या होत्या. तीच आजची 'डीडी फ्री डिश'. सरकारी माहितीनुसार २०२४ साली ती सुमारे ४ कोटी ९० लाख घरांत पोहोचली होती. म्हणजे ही गरिबाघरची किंवा वाडी-वस्तीवरची सोय आहे, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे तिथे काय काम, असे कोणी समजू नये.

आता हिशेब. आमच्या घरी महिन्याला ३८० रुपये जात होते. वर्षाचे ४,५६० आणि पाच वर्षांचे २२,८००. बँकेत असताना मी खातेदारांना नेहमी सांगायचो, मोठा खर्च माणूस विचार करून करतो, खाते गळते ते छोट्या आणि ठरलेल्या तारखेला जाणाऱ्या रकमांनी. म्हणून आम्ही एक साधी वही घातली. तीस दिवस कोणी कोणती वाहिनी किती वेळ पाहिली ते लिहायचे. वाहिन्या येत होत्या अडीचशेच्या वर. महिनाभरात पाहिल्या गेल्या नऊ! त्यातल्या पाच अशा होत्या की त्या किंवा त्यांच्यासारख्या फ्री डिशवरही मिळतात: सह्याद्री, बातम्या, जुने चित्रपट, भक्तिगीते. पैसे भरल्याशिवाय मिळणार नाहीत अशा उरल्या चार, आणि त्यातल्या खऱ्या गरजेची एकच. तिच्यावर सौ. दोन मालिका बघत होत्या.

तुम्ही म्हणाल, मग तेवढी एकच वाहिनी घ्यायची. ट्रायने २०१९ पासून ती सोय केलीच आहे, हवी ती वाहिनी सुटी घेता येते. पण त्यात एक मूळ आकार असतो. २०१९ च्या नियमात तो जास्तीत जास्त १३० रुपये होता, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यावर १९ रुपयांची एक वाहिनी करासह घेतली तर २२ रुपये ४२ पैसे. एकूण १७५ रुपये ८२ पैसे. २०२४ मध्ये ट्रायने मूळ आकारावरची ही मर्यादाही काढून टाकली. त्यामुळे आज तुमची कंपनी किती घेते ते बिलावर बघा. तरीसुद्धा, ज्यांना पूर्ण बदल नको असेल त्यांनी निदान पॅकेज सोडून सुट्या वाहिन्या घ्याव्यात. बऱ्याच घरांत तेवढ्यानेही खर्च निम्म्यावर येईल.

फ्री डिशचा खर्च एकदाच. छत्री, सेटटॉप बॉक्स आणि बसवणाऱ्याची मजुरी मिळून साधारण दोन हजार. महिना काही नाही. जुनी छत्री चांगली असेल तर तीही चालू शकते, पण तिची दिशा बदलावी लागते, कारण बहुतेक कंपन्यांचे उपग्रह आकाशात वेगळ्या जागी आहेत. फ्री डिश येते ती जीसॅट-१५ या आपल्या उपग्रहावरून. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातून एरियन रॉकेटने सोडला. विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो आहे. आपल्या ओझरहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५७-५८ अंशांवर येतो. म्हणून ज्या घराच्या आग्नेयेला उंच झाड किंवा टाकी आहे, त्यांनी आधी तेवढे पाहून घ्यावे. मुसळधार पावसात थोडा वेळ चित्राचे तुकडे होतात. ते पैसे भरलेल्या छत्रीवरही होतेच. बॉक्स घेताना मात्र एमपीईजी-४ चा घ्या, जुना स्वस्त बॉक्स घेतला तर काही वाहिन्या दिसतच नाहीत.

आता मूळ प्रश्न: खरंच फुकट आहे का? बँकेत एक शिकलो, फुकट काही नसते, फक्त पैसे दुसरा कोणीतरी भरत असतो. इथे खाजगी वाहिन्या भरतात. २०११ पासून प्रसार भारती फ्री डिशवरच्या जागांचा ई-लिलाव करते आणि एका जागेसाठी वर्षाला काही कोटींची बोली लागते. वाहिनी तो खर्च जाहिरातींतून काढते. म्हणून जाहिराती पुष्कळ, आणि बऱ्याचशा सारख्या त्याच त्या. शिवाय वाहिनीला परवडेनासे झाले की ती निघून जाते. मार्च २०१९ मध्ये स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि रिश्ते या चार लोकप्रिय हिंदी वाहिन्या एकदम गेल्या, २०२० मध्ये परत आल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. मराठीत फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा, झी चित्रमंदिर अशा वाहिन्या वेगवेगळ्या काळात इथे दिसल्या आहेत. उद्या त्या असतीलच, अशी हमी कोणी देत नाही. तुम्ही पैसे भरलेले नाहीत, त्यामुळे करार नाही, आणि करार नाही म्हणून 'माझी वाहिनी कुठे गेली' असे भांडताही येत नाही. कायम राहणार ते दूरदर्शन.

काय मिळते आणि काय मिळत नाही, तेही सरळ सांगतो. सह्याद्रीच्या बातम्या मिळतात, शेतीविषयक कार्यक्रम मिळतात, जुने चित्रपट मिळतात. शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी शैक्षणिक वाहिन्यांचा मोठा गठ्ठा आहे. नातवंडांना तो दाखवून बघा, पुढचे ती ठरवतील. क्रिकेटचे म्हणाल तर २००७ च्या कायद्याने, केंद्र सरकारने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर केलेले सामने दूरदर्शनला द्यावेच लागतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ते सामने दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचे, केबलवाल्यांना त्यातून द्यायचे नाहीत. म्हणून असा सामना कधी कधी खालच्या घरात पैसे भरूनही दिसत नाही आणि आमच्याकडे फुकट दिसतो. आयपीएलची अपेक्षा मात्र ठेवू नये. आणि झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्यावरच्या रोजच्या मालिका इथे मिळत नाहीत. चित्रही बहुतेक वाहिन्यांवर साधे आहे, मोठ्या टीव्हीवर थोडे पुसट वाटते.

मालिका मिळत नाहीत, या एका वाक्यावर बऱ्याच घरांत चर्चा संपते. आणि इथेच मला आज खरे बोलायचे आहे.

आपण ओझरकर. वाघाड धरणाच्या कालव्यावर बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या, हे आपल्याला अभिमानाने माहीत आहे. पाणी मोजून घ्यायचे आणि मोजलेल्याचे पैसे भरायचे, हे त्यातले एक तत्त्व. ते आम्ही वहीत केले. पण दुसरे तत्त्व जास्त महत्त्वाचे. कालव्याच्या टेलला ज्याचे शेत आहे, त्यालाही त्याच्या वाट्याचे पाणी मिळाले पाहिजे. वरच्यांनी आपसात ठरवून मोकळे व्हायचे नाही.

घरातही एक टेलचा माणूस असतो. टीव्हीच्या बाबतीत तो म्हणजे दिवसभर घरात असणारी आजी, किंवा एकटे राहिलेले आजोबा. रिचार्ज करतो पुण्याला असलेला मुलगा, त्याच्या मोबाइलवरून. त्याच्या कामाच्या गडबडीत तारीख चुकली की इथे पडद्यावर पाटी येते, आणि आई दोन दिवस वाट बघते, कारण 'एवढ्याशासाठी त्याला कशाला फोन करायचा'. दुसऱ्या घरी सून म्हणते, "आता सगळं मोबाइलवर आणि स्मार्ट टीव्हीवर मिळतं, डिश बंद करू." तिचे गणित बरोबर असते. पण मग आजीच्या हातात असा रिमोट येतो की ज्याने सुरू करायलाच चार बटणे आणि पासवर्ड लागतो. बचत होते, पण आजीचा टीव्ही बंद होतो. आपल्या तिन्ही विंगमध्ये अशी घरे आहेत, नावे घ्यायची गरज नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की पैसे कोण भरतो यावर हा निर्णय ठरू नये. टीव्हीसमोर जो बसतो त्याने तो ठरवावा. आमच्या घरी वहीतला हिशेब सौ.समोर ठेवला आणि विचारले. त्या म्हणाल्या, "एक मालिका नुसती ओढत चालली आहे, ती सुटली तरी चालेल. दुसरी मला बघायचीय." दुसरीसाठी त्या आठवड्यातून पाच दिवस खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे जातात. त्यांच्याकडे पैसे भरलेली डिश आहे. आणि दूरदर्शनवर सामना असला की वहिनींकडचे सगळे आमच्याकडे येतात. त्यांनी 'नाही, मला माझ्या घरातच दोन्ही मालिका हव्यात' असे म्हटले असते, तर ३८० रुपये चालू राहिले असते आणि मी इतर कुठेतरी बचत शोधली असती.

फ्री डिशचा मला वाटणारा सर्वांत मोठा फायदाही पैशांचा नाही. तिला तारीख नाही. रिचार्ज संपत नाही, ओटीपी येत नाही, 'आपले पॅकेज बदलले आहे' असा मेसेज येत नाही. ज्यांना वय झाल्यावर टीव्ही सुरू ठेवण्यासाठीसुद्धा मुलांवर अवलंबून राहावे लागते, त्यांना निदान या एका बाबतीत कोणाला फोन करावा लागत नाही. ज्या घरात पैसे भरून घेतलेली डिश ठेवायची आहे, त्यांनीही आईच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला एक फ्री डिश जोडून द्यावी. दोन हजारांत तिचा टीव्ही तिच्या ताब्यात राहील.

शेवटी कमिटीपुढे एक सूचना मांडतो. प्रत्येक छत्रीसाठी गच्चीच्या स्लॅबला भोके पडतात, वॉटरप्रूफिंग फाटते आणि पावसाळ्यात वरच्या मजल्यावर ओल उतरते. बंद पडलेल्या छत्र्यांचे सांगाडेही तसेच उभे आहेत. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने ते आधी उतरवावेत. मग ज्यांना फ्री डिश घ्यायची आहे त्यांच्यासाठी विंगनिहाय एकच स्टँड करावा. एका छत्रीला चार वायरी निघणारा एलएनबी लावता येतो, म्हणजे चार घरांची सोय एका छत्रीत होते. खर्च वाटून घेता येईल आणि गच्चीही वाचेल. सहकार हा शब्द आपल्या संस्थेच्या नावात आहेच, तो गच्चीवरही दिसू द्यावा.

कोणी काय बघावे, यावर मी काही सांगणार नाही. फक्त एक महिना वही घाला, आणि महिन्याच्या शेवटी ती ज्यांच्यापुढे ठेवायला हवी त्यांच्यापुढेच ठेवा. कोऱ्या वहीत रकाने आखून हवे असतील, तर संध्याकाळी साडेपाचनंतर मी बाकावर असतो.