बिडाचे पाय आणि पाण्याखालचा हादरा



आपल्या फलटण भागात विहिरीवर डिझेल इंजिन बसवायचं म्हणजे बैठक काँक्रीटची, पाय जाड बिडाचे आणि बोल्ट करकचून आवळलेले. इंजिन जागचं हललं नाही की काम चोख. विहिरीवर ते बरोबरच आहे. युद्धनौकेवर मात्र हीच बैठक घात करते.

२१ नोव्हेंबर १९३९ रोजी स्कॉटलंडच्या फर्थ ऑफ फोर्थ खाडीत ब्रिटनच्या 'बेलफास्ट' क्रूझरखाली चुंबकी सुरुंग फुटला. तळाला मोठं भगदाड पडलं नव्हतं. पण नौकेचा कणा वाकला, आतली यंत्रं मोडली. ती पुन्हा ताफ्यात यायला १९४२ची अखेर उजाडली.

स्फोट जहाजाला शिवलासुद्धा नाही, तरी पाण्यातून दाबाची लाट येते आणि तळ सेकंदाच्या काही हजारांश भागात वर उसळतो. यंत्राचे पाय त्याच्यासोबत जातात, वरचं धूड मात्र जागीच राहू पाहतं. सगळी ओढ पायांवर आणि बोल्टांवर येते. बीड ओझं छान पेलतं, पण ओढलं की वाकत नाही, तडकतं. म्हणून तिथे चिवट पोलाद लागतं.

मग यंत्र रबराच्या किंवा तारदोराच्या लवचीक आधारांवर ठेवतात. आता ते झुलणार, म्हणून भोवती मोकळी जागा हवी. आणि पाइप? माझ्या मते खरी परीक्षा तिथेच आहे. पंप झुलतो आणि पाइप भिंतीला ताठ जखडलेला असतो. तुटतो तो जोड. त्यामुळे मध्ये लवचीक तुकडा घालावाच लागतो. पंपाच्या विजेच्या स्टार्टरचंही तसंच. काहीच मोडलेलं नसतं, पण त्यातल्या रिलेचे संपर्क क्षणभर सुटतात आणि पंप थांबतो. नेमकं तेव्हाच आत शिरलेलं पाणी उपसायचं असतं.

१९१०पासून वसलेल्या आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीने पंप घडवले, नौदलालाही दिले. फलटणजवळ सुरवडीला आज कमिन्सची इंजिनं बनतात. तिथे जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे शास्त्र अवघड नाही.

चाचणी तर डोळ्यांना दिसणारी आहे. यंत्र पोलादी पाटावर बसवून त्या पाटावर जड हातोडा आदळतात. फार मोठं असेल तर तराफ्यावर चढवून जवळ पाण्यात स्फोट घडवतात. हादरा ओसरला की पंप अजून पाणी फेकतोय का, ते आधी बघायचं. मग एकेक बोल्ट तपासायचा.