रोटरी एंजिन आणि टर्बो : कारखान्याचा कीं हातजुळणीचा ?

लोहाराच्या भात्यानें वारा घातला कीं निखारा फुलतो. तोच वारा प्रमाणाबाहेर गेला कीं भट्टींतलें लोखंडच जळूं लागतें. मोटारीच्या एंजिनांत टर्बोचार्जर हें साधन भात्याचेंच काम करतें. एंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर एका लहानशा चक्राचीं पातीं फिरवितो, आणि त्याच दांड्यावर बसविलेलें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून एंजिनांत कोंबतें. हवा अधिक मिळाली कीं पेट्रोलही अधिक जाळतां येतें आणि शक्ति वाढते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस यंत्रज्ञानें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेणारी ही युक्ति मोठी मोहक आहे. मात्र तिची किंमत काय पडते, हें ज्या एंजिनाला ती जोडावयाची त्याच्या घडणीवर अवलंबून असतें; आणि रोटरी एंजिनाची घडण तर सर्वस्वीं निराळी आहे.

नेहमींच्या एंजिनांत नळकांड्यांतून दट्ट्या वरखालीं होत असतो. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या रोटरी एंजिनांत दट्ट्या नाहीं आणि झडपाही नाहींत. मध्यें किंचित् आवळलेल्या लांबट पोकळींत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरत असतो; त्याला रोटर म्हणतात. त्याच्या तिन्ही टोंकांवर अरुंद पट्ट्या बसविलेल्या असतात. त्या पोकळीच्या भिंतीला सतत घासत राहतात आणि एका कप्प्यांतला वायु दुसऱ्या कप्प्यांत जाऊं देत नाहींत. या एंजिनाचा जीव या पट्ट्यांत आहे. जर्मनींतील एनएसयू कंपनीनें १९६७ सालीं आरओ ८० ही मोटार बाजारांत आणली, तेव्हां या पट्ट्या लवकर झिजूं लागल्या आणि हमीखातर पुष्कळ एंजिनें पदरमोड करून बदलून द्यावीं लागलीं. जपानांत हिरोशिमा येथील माझदा कंपनीलाही प्रथम हाच अनुभव आला. पोकळीच्या भिंतीवर उमटणाऱ्या ओरखड्यांना तेथील यंत्रज्ञ ‘सैतानाच्या नखांचे व्रण’ म्हणत. केनिची यामामोटो यांच्या हाताखालीं वर्षानुवर्षें प्रयोग झाले, तेव्हां कोठें १९६७ सालीं कॉस्मो स्पोर्ट ही मोटार विक्रीस आली. पुढें १९८२ सालीं कॉस्मोच्याच नव्या नमुन्यांत माझदानें रोटरी एंजिनाला टर्बोची जोड दिली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं या. माझदाच्या दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मोटारींत १३बी नांवाचें एंजिन असे. त्यांत दोन रोटर. प्रत्येकाचें आकारमान ६५४ घन सेंटिमीटर, मिळून १३०८. अमेरिकेंत १९८७ सालच्या नमुन्यांत हें एंजिन दोन रूपांनीं मिळे. टर्बोवांचूनचें १४६ अश्वशक्तीचें, आणि टर्बोचें १८२ अश्वशक्तीचें. साध्या मोटारीच्या मालकाच्या मनांत सहज येतें कीं, दोन्ही एंजिनें एकाच आकाराचीं, तर मग महागडी टर्बो मोटार घ्यावी कशाला ? एखाद्या कुशल कारागिराकडून आपल्याच एंजिनाला मोठा टर्बो जोडून घ्यावा आणि कारखान्याच्या मोटारीलाही मागें टाकावें. त्या मोटारी बंद होऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्या बाळगणारे शौकीन आजही हाच हिशेब करीत असतात.

या हिशेबांत एक मोठी रक्कम धरावयाची राहून जाते. कारखान्यानें साधें एंजिन घेऊन त्यावर टर्बो ठेवून दिला, असें घडलेलेंच नाहीं. साध्या एंजिनांत आंत घेतलेला वायु ९.४ पट दाबला जाई. टर्बोच्या एंजिनांत रोटरचा घाट बदलून हें प्रमाण ८.५ वर आणलें. बाहेरून दाबलेली हवा येणार, म्हणून आंतला दाब आधींच कमी करून ठेवला. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मोठे बसविले. दाबल्यानें तापलेली हवा थंड व्हावी म्हणून इंटरकूलर दिला आणि त्याला वारा मिळावा म्हणून बॉनेटवर तोंड ठेवलें. एंजिनांत अवेळीं भडका होऊं लागला तर त्याची चाहूल घेणारें साधन बसविलें. वाढलेला जोर पेलावा म्हणून गिअरबॉक्सही अधिक दणकट दिला. इतकें करूनही कारखान्यानें वाढ केली ती अवघ्या ३६ अश्वशक्तीची, म्हणजे सुमारें चतुर्थांश. हात असा आखडता घेण्यामागें भित्रेपणा नव्हता. हमी त्याला द्यावयाची होती.

अवेळीं होणारा भडका हाच रोटरी एंजिनाचा खरा शत्रु आहे. हवा अधिक आली आणि तिच्या मानानें पेट्रोल कमी पडलें, किंवा ठिणगी क्षणभर लवकर पडली, कीं मिश्रण शांतपणें जळण्याऐवजीं एकदम स्फोट पावतें. दट्ट्याचें एंजिन असे कांहीं ठोके बहुधा सोसून जातें. रोटरच्या टोंकावरील जेमतेम २ मिलिमीटर जाडीची पट्टी मात्र एखाद्या जोरदार ठोक्यानेंही तडकूं शकते. तुटलेला तुकडा भिंतीवर चरे पाडीत धुराबरोबर बाहेर जातो आणि टर्बोच्या वेगानें फिरणाऱ्या पात्यांवर आदळतो. एका क्षणाच्या चुकीनें एंजिन आणि टर्बो दोन्ही हातचीं जातात. मग चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी गत होते.

हातजुळणीची बाजूही न्यायानें मांडली पाहिजे. कारखान्याला लाखो गिऱ्हाइकांचा, विक्रीच्या किंमतीचा आणि धुराविषयींच्या कायद्यांचा विचार करावा लागतो. एका मालकासाठीं काम करणारा कारागीर या बंधनांतून पुष्कळसा मोकळा असतो. त्या काळानंतर टर्बो आणि पेट्रोलचें प्रमाण राखणारीं विद्युत्-यंत्रें यांत पुष्कळ सुधारणा झाली आहे. माझदानें पुढच्या पिढीच्या आरएक्स-७ मध्यें एकामागून एक चालू होणारे दोन टर्बो बसविले आणि अमेरिकन नमुन्यांत २५५ अश्वशक्ति मिळविली. पण त्यासाठीं रबरी नळ्यांचें असें जाळें विणावें लागलें कीं, पुढें अनेक मालकांनीं तें सर्व काढून एकच मोठा टर्बो बसविला. २००३ पासून २०१२ पर्यंत निघालेल्या आरएक्स-८ मोटारीला तर माझदानें टर्बो दिलाच नाहीं. तेथें दाबाचें प्रमाण मुळांतच १० पट. म्हणून टर्बो हवा असेल तर हातजुळणीवांचून मार्ग नाहीं आणि सावधगिरीही दुप्पट हवी.

शिवाय कारखान्याचें म्हणून जें एंजिन आज मिळतें, तेंही जुनें झालेलें असतें. नळ्या कडक झालेल्या, पट्ट्या झिजलेल्या, आणि मधल्या काळांत कोणी काय फेरफार केले याचा पत्ता नाहीं. म्हणून नांवावर न भुलतां प्रत्येक रोटरच्या तिन्ही कप्प्यांचा दाब मोजून घ्यावा. तो पुरेसा आणि सारखा भरला नाहीं, तर कारखान्याचा शिक्का उपयोगी पडत नाहीं.

तेव्हां निवाडा असा करतां येईल. ज्याला मोटार रोज वापरावयाची आहे आणि मर्यादित शक्ति पुरेशी आहे, त्यानें कारखान्याचें टर्बो एंजिन सुस्थितींत पाहून घ्यावें. ज्याला अधिक शक्ति हवी, त्यानेंही सुरुवात त्याच पायावर करावी. कमी दाबाचे रोटर, मोठे इंजेक्टर आणि दणकट गिअरबॉक्स त्याला आयते मिळतात. साध्या एंजिनावर टर्बो चढवावयाचा तर हवेचा दाब थोडाच ठेवावा, पेट्रोलचें प्रमाण जाणत्याकडून मोजून बसवून घ्यावें, थंडाव्याची व ब्रेकची व्यवस्था आधीं वाढवावी, आणि दुसऱ्या एंजिनाची रक्कम बाजूला काढून ठेवावी. ही रक्कम ज्याला काढून ठेवतां येत नाहीं, त्याला ती हातजुळणी परवडत नाहीं असेंच समजावें. कारखान्यानें कागदावर, प्रयोगशाळेंत आणि रस्त्यावर जी परीक्षा आधींच घेतली, ती हातजुळणी करणाऱ्याला आपल्या मोटारीवर आणि आपल्या खर्चानें द्यावी लागते. तिची तयारी असणाऱ्यानें ती खुशाल द्यावी.