पगारपत्रकातले 200 रुपये

मुंबईत परळ-दादरच्या कचेऱ्यांत नोकरी करत असाल, तर पगारपत्रकातला कपातीचा रकाना एकदा नीट पाहा. तिथे व्यवसाय कर दिसेल. दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. हा कर 1975 साली बसवला गेला तो रोजगार हमी योजनेसाठी. मुंबईच्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या मजुरीचा भार उचलायचा, अशी ती सोय.

योजनेची कल्पना महाराष्ट्र विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची. 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात प्रयोग झाला. 1972च्या दुष्काळात लाखो हात खडी फोडायला, पाझर तलाव खणायला लागले आणि योजना राज्यभर पोचली. 1977चा कायदा सांगतो: काम मागितल्यावर 15 दिवसांत द्या, नाहीतर बेकारी भत्ता द्या.

ब्रिटनमध्ये 2011च्या सुमारास उलटेच चालले होते. भत्ता हवा तर बिनपगारी राबा, नकार दिलात तर भत्ता बंद. आपल्याकडे कामाला दाम होता आणि चुकल्याचा भुर्दंड सरकारला. मला याचा अभिमान वाटतो.

सल मात्र एक आहे. हमी खेड्यांपुरती आणि लहान, क वर्ग नगरपालिकांपुरतीच होती. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. लालबागच्या चाळींतल्या त्या माणसांना काम मागण्याचा हक्क कोणत्याच कायद्याने दिलेला नव्हता. कुणी गावी परतले, कुणी भाजीची पाटी डोक्यावर घेतली.