खस्सी बकरा चालतो, मग मांजरीची नसबंदी का नाही?

(पोहरादेवी, ता. मानोरा, जि. वाशीम येथील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सॉफ्टवेअर इंजिनिअरला बोलावलं की तो एआयवर किंवा नोकरीच्या मुलाखतीवर बोलेल असं सगळ्यांना वाटतं. त्यावर बोलणारे भरपूर आहेत. मी आज कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीवर बोलणार आहे. हसा, हरकत नाही. पण आधी सांगा, किती जणांच्या घरी मांजर आहे? निम्म्याहून जास्त हात वर आहेत. आता ज्यांच्या मांजरीचं ऑपरेशन झालंय तेवढेच हात वर राहू द्या. एक. बरं.

मग बाकीच्यांच्या मांजरीला पिल्लं झाली की काय होतं? दोन कोणी तरी मागून नेतं. उरलेली पोत्यात किंवा खोक्यात घालून बाजाराजवळ, नाहीतर नाल्यापलीकडे ठेवली जातात. आपण त्याला ‘सोडून आलो’ म्हणतो. जिला बांधून उपाशी ठेवलं त्या मांजरीची आणि तिच्या मालकिणीला झालेल्या अजाबाची हदीस आपल्याला लहानपणीच सांगितलेली असते. खोक्यातल्या पिल्लांच्या वेळी मात्र ती कुणाला आठवत नाही.

नसबंदीचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, ‘हे जायज आहे का? अल्लाहने बनवलेल्या जिवात ढवळाढवळ नाही का?’ प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला टाळायचं नाही. मी मुफ्ती नाही, पण वाचता येतं तेवढं सांगतो. बकरी ईदच्या आधी बाजारात तुमचे अब्बा काय विचारतात? ‘खस्सी आहे का?’ खस्सी म्हणजेच अंड काढलेला किंवा ठेचलेला बोकड. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी खस्सी केलेल्या दोन मेंढ्यांची कुर्बानी दिल्याची रिवायत अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. हनफी फिक्हचा ‘हिदाया’ जनावर खस्सी करायला हरकत नाही म्हणतो. आणि 17व्या शतकात हिंदुस्थानातच तयार झालेल्या ‘फतावा-ए-आलमगिरी’त तर थेट मांजराचा उल्लेख आहे: फायदा होत असेल किंवा त्रास टळत असेल तर हरकत नाही. इतर मसलकांत मतभेद आहेत, काही उलेमा सक्त मनाईही करतात. ज्याला शंका असेल त्याने आपल्या आलिमला विचारावं. फक्त विचारताना ‘खोक्यात घालून सोडून देणं जायज आहे का’ हेही सोबत विचारावं.

पोहरादेवीत तर हा प्रश्न पडायलाच नको. सेवालाल महाराजांचं हे गाव बंजारा समाजाची काशी. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. आज जाऊन बघा, आणि बघताना बैलांचा विचार करा. रेल्वे येण्याआधी धान्य, मीठ सगळं तांड्यांच्या लदेणीवर जायचं, आणि ती लदेणी वाहिली खच्ची केलेल्या बैलांनी. गोऱ्हा खच्ची केल्याशिवाय त्याचा बैल होत नाही. विदर्भातली सगळी शेती या एका ऑपरेशनवर उभी राहिली. आजही सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात बर्डिझोचा चिमटा असतो, आणि गोऱ्हा घेऊन आलेल्या शेतकऱ्याला कोणी ‘निसर्गाविरुद्ध आहे’ असं सुनावत नाही. जिथे आपलं काम होतं तिथे आपण हे हजारो वर्षं केलं. जिथे फायदा मुख्यतः जनावराचा आणि शेजाऱ्याचा आहे तिथेच आपल्याला तत्त्वज्ञान सुचतं.

आता कुत्र्यांकडे येतो, कारण खरा धोका तिथे आहे. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 1 कोटी 53 लाख आणि महाराष्ट्रात 12 लाख 76 हजारांच्या आसपास भटकी कुत्री मोजली गेली. माणसाला होणारा रेबीज जवळपास सगळाच कुत्र्यांमार्फत येतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर इलाज नाही. चावा लागला तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं जखम धुवायची, मग थेट सरकारी दवाखाना. हळद, मिरची, चुना, झाडफूक यात एक तासही घालवायचा नाही. एवढं तरी घरी जाऊन सांगाच.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक आकडा फिरतो, एका कुत्रीपासून सहा वर्षांत 67 हजार कुत्री. तो खोटा आहे. तसं असतं तर आज या मंडपात आपल्याला बसायला जागा नसती. तो का खोटा आहे ते समजून घेतलं की सगळा विषय समजतो. पश्चिम बंगालमध्ये मोकाट कुत्र्यांच्या पिल्लांवर नजर ठेवून केलेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. सात महिन्यांची होईपर्यंत शंभरातली साधारण 81 पिल्लं मेली होती, आणि त्यातले बरेच मृत्यू माणसांमुळे झाले होते. गाडीखाली, मारून, उचलून नेऊन.

वहीत मांडा. समजा गावात 100 कुत्री आहेत, त्यात 50 माद्या. प्रत्येकीला वर्षात एकदा पाच पिल्लं धरा. झाली 250. त्यातली 200 मरतात, 50 जगतात. मोठ्यांपैकी काही मरतात, त्यांची जागा हे 50 घेतात. संख्या फार हलत नाही, पण दर वर्षी 200 पिल्लं तुमच्या डोळ्यांदेखत मरतात. आता 50 पैकी 35 माद्यांचं ऑपरेशन करा. उरल्या 15, त्यांची पिल्लं 75, जगली 15. दोन-चार वर्षांत संख्या आपोआप उतरते, आणि मेलेली पिल्लं 200 वरून 60 वर येतात. हिशेब ढोबळ आहे, कमी गर्दीत जरा जास्त पिल्लं जगतीलही. पण दिशा हीच राहते.

यातून दोन गोष्टी निघतात. नर मागे राहिला तरी चालेल, मादी सुटता कामा नये, कारण एक सुटा नर कितीही माद्यांना पुरतो. दुसरी माझ्या धंद्यातली. ‘आम्ही हजार ऑपरेशनं केली’ या वाक्याला काही अर्थ नाही. कुठल्या भागात, किती काळात, किती टक्के, हे सांगा. हजार ऑपरेशनं जिल्हाभर शिंपडली तर दर वर्षी नवी पिल्लं ती भरपाई करतात. तीच एका तालुक्याच्या गावात एका हंगामात केली तर फरक दिसतो. जयपूरला 1994 ते 2002 या काळात एका संस्थेने हेच केलं. ठरावीक भाग घेतला, त्यातल्या 65 टक्के माद्यांची नसबंदी आणि लसीकरण केलं. कुत्री 28 टक्क्यांनी कमी झाली आणि त्या भागात माणसांचे रेबीजचे रुग्ण शून्यावर आले.

गोव्याचं उदाहरण तर आपल्या पोरांसाठीच आहे. तिथे मिशन रेबीजने सरकारबरोबर वर्षाला लाखभराच्या घरात कुत्र्यांना लस दिली. पथकं गल्लोगल्ली जाळी घेऊन फिरली आणि प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइल अ‍ॅपवर जागेसकट केली. संध्याकाळी नकाशा बघितला की कुठली गल्ली राहिली ते कळायचं, दुसऱ्या दिवशी पथक तिथे. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला. मी दिवसभर ज्या प्रकारचं काम करतो, त्याचा इतका थेट उपयोग मी फार कमी ठिकाणी पाहिलाय.

‘मारून टाका ना, एकदाचं संपेल’ असं म्हणणारेही इथे असतील. करून झालंय. 1832 मध्ये कंपनी सरकारने मुंबईत कुत्री मारायला काढली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. त्यानंतरही मुंबईत दीडशेहून अधिक वर्षं कुत्री मारली गेली, 1990 च्या दशकात ते थांबलं. इतकी मारूनही ती संपली नव्हती. 1910 मध्ये इस्तंबूलच्या राज्यकर्त्यांनी हजारो कुत्री उचलून मार्मारा समुद्रातल्या एका ओसाड बेटावर नेऊन टाकली. ती तिथे भुकेने मेली. इस्तंबूलच्या रस्त्यावर आज जाऊन बघा, कुत्री आहेतच. उकिरडा तसाच असेल तर रिकामी जागा शेजारच्या गावची कुत्री भरतात, आणि नव्या कुत्र्यांना लसही दिलेली नसते.

कायदा काय म्हणतो? 2023 चे प्राणी जन्मनियंत्रण नियम सांगतात की पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, कानाला खूण करा आणि जिथून उचललं तिथेच सोडा. काढलेले अवयव मोजून पडताळणी करायची तरतूदही आहे, म्हणजे कागदावरच ऑपरेशन दाखवता येऊ नये. मला ही तरतूद फार आवडते. 22 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री वगळून हीच पद्धत पुन्हा मान्य केली. मग 7 नोव्हेंबर 2025 ला शाळा, दवाखाने, बसस्थानकं अशा आवारांतून कुत्री हलवायला आणि परत तिथे न सोडायला सांगितलं. आदेश दिल्लीतून येतो. मानोऱ्याच्या बसस्थानकावरचं कुत्रं हलवायचं तर ठेवायचं कुठे? छोट्या ग्रामपंचायतीकडे ऑपरेशनची खोली, डॉक्टर, पिंजऱ्याची गाडी यातलं काहीच नसतं. तालुक्याच्या दवाखान्यात मुख्य काम गाई-म्हशी-बकऱ्यांचं. म्हणून एकेकट्या गावाने हे होणार नाही. पाच-दहा ग्रामपंचायतींनी ठराव करून जिल्हा परिषदेकडे एकत्र शिबिर मागायला हवं. अकोल्याला पशुवैद्यक पदव्युत्तर संस्था आहे, तिथल्या डॉक्टरांना विनंती करता येईल. शिबिरासाठी मान्यताप्राप्त संस्था लागते, गल्लीतल्या कोणालाही हे करता येत नाही, आणि करूही नये.

आपल्या मोहल्ल्याबद्दल एक बोलतो, कारण बाहेरचे बोलतात तेव्हा आपल्याला राग येतो. मटणाच्या दुकानामागचा कचरा आणि बकरी ईदची आतडी उघड्यावर पडली तर कुत्री तिथे येणारच. रामनवमीच्या यात्रेनंतर उरलेल्या जेवणावरही येतात, हॉटेलामागेही येतात. कुत्रं धर्म विचारत नाही. पण आपला खड्डा आपण खणायचा आणि चुना टाकून बुजवायचा, यासाठी कुणाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. कुत्र्याची लाळ नापाक मानणारे आपण. म्हणून त्याला दगड मारायचा, असं कुठे सांगितलंय? तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या बाईला माफी मिळाली, ही हदीसही आपलीच.

आता घरच्या मांजरींचं. पाच-सहा महिन्यांची झाली की डॉक्टरला दाखवा. पहिल्या पिल्लावळीची वाट बघायची गरज नाही, उलट लवकर केलं तर तिला स्तनाचा कॅन्सर आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका कमी होतो. मादीचं पोट उघडावं लागतं, बोक्याचं काम थोडक्यात होतं. दोन्हींत पूर्ण भूल लागते, म्हणून किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टर सांगतील तसंच. नंतर टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कॉलर, आणि आठ-दहा दिवस घराबाहेर नाही. रेबीजची लस तेव्हाच विचारून घ्या.

चहानंतर मी त्या खांबाजवळ बसतोय. ज्यांच्या गल्लीत कुत्री जास्त आहेत त्यांनी माद्या किती, पिल्लं किती, कान कापलेली किती, एवढे तीन आकडे घेऊन या. फोनमध्ये नकाशा उघडा, नोंद कशी करायची ते तिथेच दाखवतो.