शिबिराला निघालेली मुलं आणि मोठ्यांची जबाबदारी

हिवाळा आला की बुलडाणा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांची लगबग सुरू होते. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवक सात दिवस गावात मुक्कामी राहून श्रमदान करतात. त्यांची जबाबदारी असते कार्यक्रम अधिकाऱ्यावर.

जाणता अधिकारी मुलांच्या आधी गावात पोहोचतो. मुलींच्या निवासाची वेगळी सोय, संडासाच्या दाराची कडी, पाण्याची टाकी, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, सगळं स्वतः पाहतो. टिकावाचा दांडा ढिला असला तर तो टिकाव बाजूला काढतो, खोदणाऱ्यांमध्ये पुरेसं अंतर ठेवतो आणि सकाळ-संध्याकाळ हजेरी घेतो. विहिरीत किंवा तलावात पोहायला सक्त मनाई!

धोका फक्त टिकाव-फावड्याचा नसतो.

अकरावी-बारावीतले बरेच स्वयंसेवक अठरा वर्षांखालचे, म्हणजे कायद्याने बालकच. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणं हा गुन्हा आहे. संस्थेची बदनामी होईल, ही सबब तिथे चालत नाही. म्हणूनच कुणाही मोठ्या माणसाने मुलाला एकट्याला बंद खोलीत बोलावू नये. मुलींसोबत महिला प्राध्यापक मुक्कामी असाव्यात. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक भिंतीवर ठळक लिहिलेला असावा.

पालकांनीही संमतीपत्रावर नुसती सही करू नये. सोबत कोण जाणार, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा, हे आधीच विचारून घ्यावं. आणि काही खटकलं तर कुणाकडे जायचं, हे मुलांना शिबिराच्या पहिल्याच दिवशी सांगितलं जावं.