सोनोग्राफीत सिकल दिसत नाही
(धाराशिव जिल्ह्यातल्या वस्ती-बैठकीत केलेलं भाषण)



वनहक्काच्या दाव्यासाठी आपण एकेक कागद जपतो. आज रक्ताच्या कागदाचं बोलू.

सिकलसेल, थॅलेसेमिया हे आजार आईबापाकडून येतात. करणीने नाही, पापाने नाही, आणि एकट्या बाईमुळे तर नाहीच. दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात चारातली एक शक्यता, की बाळाला आजार होईल. वाहक माणूस धडधाकट असतो, म्हणून तपासल्याबिगर कळत नाही.

"सोनोग्राफी झाली, बाळ चांगलंय," असं आपण म्हणतो. पण सोनोग्राफीत सिकल दिसत नाही. थॅलेसेमियाच्या एका जड प्रकारात बाळाच्या अंगात पाणी साठलेलं दिसतं, तेवढंच. पक्की तपासणी वारेचा बारीक तुकडा किंवा गर्भजल काढून होते. सोनोग्राफी सुईला वाट दाखवते. त्यात गर्भ पडायचा थोडा धोका असतो. म्हणून आधी नवराबायको दोघांचं रक्त तपासा. लग्नाआधी तर उत्तमच.

१९९४ चा कायदा मुलगा-मुलगी सांगायला बंदी करतो, पण या आजारांची तपासणी करू देतो. बाईला समजेल त्या भाषेत लेखी संमती, आणि तिची नक्कल बाईच्या हातात, हे त्यातच लिहिलंय. समजल्याशिवाय अंगठा देऊ नका. पुढचा निर्णय तिचा. सासूचा नाही, मुकादमाचा नाही.

आपण कोयता घेऊन निघतो आणि रिपोर्ट गावात राहतो. औंदा तो रेशनकार्डासोबत पेटीत घाला. दाव्याच्या कागदाइतकाच तो जपा.